काळ्या गाडीवरचं जाळं आणि बाबांची पद्मिनी : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न चऱ्यांचेच आहेत. दोन प्रश्नांना नीट वेळ देतोय, बाकीचे पटापट घेतो.

खारघरहून एक वाचक विचारतात : दादा, माझी काळी सेदान आहे, तीन वर्षं झाली. सावलीत मस्त दिसते पण उन्हात किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली बॉनेटवर गोल गोल बारीक चरे दिसतात, कोळ्याचं जाळं असतं ना तसं. मी गाडी कुठेच घासलेली नाही, सोसायटीत रोज सकाळी पुसायला माणूस येतो. गॅरेजवाला म्हणतो अर्ध्या तासात रबिंग मारून नवी करून देतो. मारून घेऊ का?

नका घेऊ, निदान लगेच तरी नका. आधी ते जाळं काय आहे ते बघा. ते चरे गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेल्या हजारो बारीक रेघा असतात, पण लाइट जिथे पडतो त्याच्या भोवतीने ज्या रेघा आडव्या येतात तेवढ्याच चमकतात म्हणून आपल्याला गोल जाळं वाटतं. आज रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून हळूहळू सरकवा, जाळंही टॉर्चबरोबर सरकत जाईल. म्हणजे तुम्हाला दिसतंय ते एका जागी नाही, पूर्ण गाडीभर आहे.

आता हे आलं कुठून तर त्या रोजच्या पुसण्यातून. खारघरला एका बाजूला बांधकामं, दुसऱ्या बाजूला तळोज्याकडे जाणारे ट्रक, रात्रभरात गाडीवर जी धूळ बसते ती पावडर नसते, त्यात सिमेंट असतं, खडीचा चुरा असतो, आणि सकाळी त्यावर कोरडं किंवा नुसतं ओलं फडकं फिरलं की ते काचपेपरचंच काम करतं. पुसणाऱ्या माणसाचा मी दोष म्हणणार नाही, सहा ते आठ या वेळेत त्याला वीस-पंचवीस गाड्या करायच्या असतात, एक बादली, एक फडकं, आणि तुमच्या आधीच्या गाडीची माती त्याच पाण्यात. त्याला सांगा आतून केर काढ, काचा पूस, पायपोस झटक, पैसे तेवढेच देईन पण पत्र्याला हात लावू नको. माझ्या ओळखीत तिघांनी असं केलं, कोणी नाराज झालं नाही.

रबिंगला नको का म्हणतो ते सांगतो. आजच्या गाडीला पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. झेरॉक्सचा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे तुमची चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण हे सगळं अर्ध्या कागदाच्या जाडीत आहे. चरा काढणं म्हणजे चरा भरणं नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं. हा थर घासला की गेला, परत वाढत नाही. अर्ध्या तासाच्या रबिंगमध्ये होतं काय की लोकरीच्या पॅडने जाड कंपाउंड सगळीकडे एकसारखं फिरवतात, चरे दिसेनासे करायला वरून तेलकट पॉलिश भरतात, गाडी झकास दिसते, आणि दोन-तीन धुण्यांनी तेल निघून गेलं की जुने चरे तर दिसतातच, वर मशीनचे ढगासारखे पट्टे वेगळे.

मी स्वतः हे शिकलो ते नुकसान करून. वागळे इस्टेटला माझं शेड नवीन होतं तेव्हा एका चंदेरी गाडीच्या बॉनेटच्या कडेला रोटरी मशीन, म्हणजे नुसतं गरगर फिरणारं पॉलिशचं मशीन, दोन-तीन सेकंद जास्त थांबलं. कडेला आणि बॉडीच्या उंच रेघेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि तिथेच पॅडचा सगळा दाब येतो. बोटभर लांबीचा मॅट पट्टा उमटला, क्लिअर कोट संपला. बॉनेट माझ्या खर्चाने पूर्ण रंगवून दिलं, पण कंपनीचा मूळ रंग गेला तो गेला, त्या मालकाचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून प्रत्येक कडेला आधी मास्किंग टेप लावल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही.

मग करायचं कसं. आधी नीट धुवा, दोन बादल्यांनी. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा, छतापासून खाली, चाकं वेगळ्या कपड्याने. सोसायटीत पाइप लावू देत नसतील तर झाडांना फवारा मारायचा पाच लिटरचा पंप घ्या, आधी त्याने धूळ भिजवून वाहू द्या. गाडी वाळली की हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा, नुसत्या हाताला न जाणवणारा खरखरीतपणा पिशवीतून लगेच कळतो. तसा लागला तर क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण उचलणारा चिकणमातीसारखा गोळा, मारायचा, भरपूर शाम्पूचं पाणी शिंपडून, अजिबात दाब न देता, आणि क्ले खाली पडला तर तो तुकडा सरळ टाकून द्यायचा. स्टेशनजवळ रुळांलगत रोज पार्क करत असाल तर क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर मारा, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण त्याने जांभळे होऊन ओघळतात, पांढऱ्या गाडीवर ते बघण्यासारखं असतं.

पॉलिशचं मशीन ड्युअल अॅक्शनच घ्या. ते फिरतं आणि हलतंही, एका जागी उष्णता साठत नाही, त्यामुळे नवशिक्याकडून रंग जळायची शक्यता खूप कमी, तरी कडा आणि प्लॅस्टिकचा बंपर जपायचाच, कारण पत्र्यासारखी उष्णता प्लॅस्टिक पसरवत नाही, पटकन तापतं. पूर्ण गाडीला हात लावायच्या आधी बॉनेटवर दीड-दोन फुटांचा एक चौकोन टेपने आखा आणि तिथे सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश यापासून सुरुवात करा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच ते चौकोनभर टेकवून पसरायचे, मग चारच्या स्पीडला आडवं, मग उभं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत, सेकंदाला जेमतेम इंचभर, असे चार ते सहा हात. पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून त्याने परत पुसा, कारण पॉलिशमधलं तेल चरे झाकतं आणि आपण खूश होतो. टॉर्च लावा. ऐंशी टक्के गेलं असेल तर तेच कॉम्बिनेशन पूर्ण गाडीला, नसेल तरच एक पायरी कडक. उरलेले दहा-वीस टक्के खोल असतात, ते राहू द्या, त्यांच्यामागे लागून क्लिअर कोट संपवू नका. सगळं सावलीत आणि पत्रा थंड असतानाच, एप्रिल-मेमध्ये म्हणजे सकाळी लवकरच. एका माणसाला पूर्ण शनिवार-रविवार जातो.

कळव्याहून : टूथपेस्टने चरे जातात का?

पेस्टमध्ये घासणारी पावडर असते म्हणून थोडं झाकल्यासारखं दिसतं, पण ती दातांसाठी बनवलेली, क्लिअर कोटसाठी नाही, काळ्या गाडीवर ती स्वतःच धुरकट डाग सोडते. तेवढ्याच पैशात पॉलिशची छोटी बाटली येते.

नौपाड्याहून एक वाचक लिहितात : बाबांची मरून प्रीमियर पद्मिनी आहे. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती गॅरेजमध्ये झाकून उभी होती. आता इंजिन चालू करून घेतलंय आणि पाडव्याच्या शोभायात्रेत न्यायची खूप इच्छा आहे. रंग फिकट गुलाबीसर झालाय, पॉलिश लावलं तर फडकं लाल झालं म्हणून घाबरून थांबले. रंग निघतोय का?

ताई, थांबलात ते चांगलं केलंत पण घाबरू नका. वर जे क्लिअर कोटचं सांगितलं ते तुमच्या गाडीला लागू नाही. त्या काळच्या गाड्यांना रंगाचा एकच थर, वर पारदर्शक काही नसायचं, त्यामुळे पॉलिश केलं की फडक्यावर रंगच येणार. फडकं लाल झालं याचा अर्थ उलट चांगला आहे, तो बहुधा मूळ किंवा मूळ पद्धतीने मारलेला रंग आहे आणि त्याच्यात अजून जीव आहे. गुलाबीसर दिसतोय तो वरचा ऑक्सिडाइझ झालेला खडूसारखा थर.

लगेच घासू मात्र नका. कोरडा पडलेला जुना रंग आधी पाजावा लागतो. धुऊन वाळवून त्याला तेलकट ग्लेझ किंवा कट नसलेलं, म्हणजे न घासणारं, पॉलिश जाडसर लावा, मऊ कपड्याने, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुसून परत लावा. दोन-तीन रात्रींत रंग गडद होत जाताना तुम्हाला दिसेल, बाजूच्या पत्र्याशी ताडून बघा म्हणजे फरक कळेल. मग सगळ्यात मऊ पॅडने बारीक पॉलिशचा एकच हात. छत, बॉनेट आणि मडगार्डचा वरचा भाग उन्हाने सगळ्यात पातळ झालेला असतो, तिथे मशीन नको, हातानेच करा. कुठे राखाडी प्रायमर डोकावायला लागला तर त्या जागी हात थांबवा. आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरून परत रंगवून घ्या असं कोणी सुचवलं तर माझं मत विचाराल तर नको. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी आहे ती, टॅक्सीतल्या पद्मिनी तर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेल्याच, आणि बाबांनी वापरलेल्या गाडीवर चार खुणा असल्या तर त्या असू द्याव्यात.

गाडी दाखवायला नेताना लोक बॉनेट चमकवतात आणि दार उघडलं की चौकटीत काळं ग्रीस. बघणारा जाणकार आधी तिथेच बघतो. दाराच्या चौकटी, डिकीचं रबर, पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू, नावाच्या अक्षरांच्या खाचा, हे सगळं मऊ ब्रश आणि शाम्पूने. बंपरच्या क्रोमवर बारीक गंज असेल तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून हलकेच घासा, अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं त्यामुळे गंज निघतो, लगेच पुसून वॅक्स लावा. टायरला चकचकीत नको, नुसता काळेपणा येईल एवढंच, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाला अजिबात नाही. इंजिनवर पाण्याचा पाइप मारू नका, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं तर ऐन सकाळी गाडी चालू होणार नाही, ओल्या फडक्याने आणि ब्रशनेच.

आणि पाडव्याची पूजा. बॉनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक काढायचाच असेल, आणि काढावाच, तर आदल्या दिवशी वॅक्सचा जाड हात द्या. हार सेलोटेपने चिकटवू नका, उन्हात टेपचा गोंद रंगावर बसतो, रिबीन आरशांना आणि ग्रिलला बांधा. हारातली तार सुट्टी राहिली असेल तर आत वळवून घ्या, चालत्या गाडीवर तीच ओरखडे काढते. ठाण्याच्या कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूने यात्रा निघते तेव्हा गर्दी गाडीला टेकते, पाठीवरच्या सॅका, ढोलांच्या कडा, हे घासणारच, म्हणून एका माणसाला नुसतं गाडीबरोबर चालायला ठेवा. घरी आल्यावर वाळलेलं हळदकुंकू फडक्याने पुसायचं नाही. तुम्ही ते हातात चोळून बघा, कणी लागते बोटाला. आधी पाणी ओता, भिजू द्या, वाहून जाऊ द्या, उरलेलं शाम्पूच्या मिटने. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी चालू आहे ना ते मात्र आत्ताच बघून ठेवा, जुन्या गाडीची कागदपत्रं व्हायला पॉलिशपेक्षा जास्त दिवस लागतात.

कामोठ्याहून : टँकरच्या पाण्याने धुतो, गाडीवर पांढरे गोल डाग पडतात.

बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आहे ते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. तरी गेला नाही तर तो क्लिअर कोटमध्ये उतरलाय, तिथे पॉलिशच लागेल. पुढच्या वेळी पाणी गाडीवर वाळू देऊ नका, एक भाग धुतला की लगेच मोठ्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. ते कपडे धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका आणि सुती टॉवेलबरोबर टाकू नका.

वाशीहून : शोरूमवाला सिरॅमिक कोटिंग घ्या म्हणतो, ९एच आहे, चरे पडणारच नाहीत म्हणतो. खरं का?

९एच हा पेन्सिलींच्या कडकपणाचा आकडा आहे, हिऱ्याचा नाही. कोटिंगने पाणी आणि घाण लवकर सुटते, धुणं सोपं होतं, चमक टिकते, हे खरं. पण थर एखाद-दोन मायक्रॉनचा, खडीच्या धुळीवर फडकं फिरलं की चरे पडणारच. असलेले चरे तर त्याच्याखाली बंद होतात, म्हणून आधी पॉलिश केलं का ते विचारा, आणि डिलिव्हरीच्या आधी टॉर्च घेऊन जा. दगडाच्या टिचक्यांपासून वाचायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती रंगावर चिकटवायची जाड फिल्म असते, दीडशे-दोनशे मायक्रॉनची, पण महाग.

घोडबंदर रोडहून : कोणीतरी चावीने दारावर रेघ ओढलीय, पॉलिशने जाईल का?

नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर जाईल. अडकलं तर रेघेवर पाणी ओता, ओली असताना रेघ दिसेनाशी झाली तर क्लिअर कोटपर्यंतच आहे, बरीचशी फिकी होईल. ओली असूनही पांढरी किंवा राखाडी दिसत असेल तर रंग गेलाय, पॉलिश मारून काही होणार नाही, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या प्लेटवर कलर कोड असतो तो बघून टचिंगची बाटली घ्या आणि बारीक ब्रशने फक्त रेघेतच भरा. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याच्या आधी करा, घोडबंदरची खाडीची हवा आहे, एका पावसाळ्यात त्या रेघेतून गंज वर येतो.