वाचकांचे प्रश्न: तेफचं पीठ भिजवून वाट पाहताना

इथिओपियन वंशाचं मूल घरी येण्याची वाट पाहणाऱ्या आणि तोवर तिथला स्वयंपाक शिकणाऱ्या घरांतले प्रश्न या वेळी घेतले आहेत. तेफ हे तिथलं बारीक धान्य, आणि त्याच्या आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी म्हणजे इंजेरा.

प्रश्न: आम्ही दुबईत राहतो. इथिओपियातून मूल दत्तक घ्यायची इच्छा आहे. एक मध्यस्थ म्हणतो, निम्मे पैसे आधी भरा, वर्षभरात मूल मिळेल. भरावेत का?

एक पैसाही देऊ नका. इथिओपियाच्या संसदेने जानेवारी २०१८ मध्ये परदेशी नागरिकांना मुलं दत्तक देण्यावर बंदी घातली. त्याआधी तिथून हजारो मुलं अमेरिका आणि युरोपात गेली होती, आणि आईवडील हयात असताना मुलाला अनाथ दाखवल्याची प्रकरणंही उघड झाली होती. बंदीमागे तेही एक कारण होतं. त्या जुन्या काळातले नियम नि शुल्कांचे तक्ते अजून फिरत असतात. ते दाखवून कोणी पैसे मागत असेल, तर बोलणं तिथेच थांबवा. आता असं मूल घरी येऊ शकतं ते बहुधा तुम्ही राहता त्या देशातल्या बालकल्याण यंत्रणेकडून, त्या देशाच्या कायद्याने.

प्रश्न: आम्ही मेरीलँडमध्ये असतो. इथिओपियन आईवडिलांची चार वर्षांची मुलगी आमच्याकडे यायची आहे, कागदपत्रांना अजून काही महिने लागतील. ती रोज इंजेरा खाते म्हणून आम्ही तीनदा करून पाहिला. वर जाळीचे डोळे पडत नाहीत, खालून चिकट राहतो, गुंडाळला की तुटतो. डोसे मात्र उत्तम जमतात!

डोशाची सवयच आड येते आहे. डोशाच्या पिठात उडदाचा बुळबुळीतपणा हवा धरून ठेवतो. तेफमध्ये उडीद नाही आणि ग्लुटेनही नाही. ते काम अब्सित, म्हणजे थोडं पीठ शिजवून परत पिठात मिसळायची खळ, करतं, आणि लक्षणांवरून तुम्ही बहुधा तेच वगळलं आहे.

अर्धा किलो तेफचं पीठ, साधारण ७०० मिली कोमट पाणी आणि दोन-तीन चमचे इर्शो, म्हणजे आधीच्या आंबवणातलं वरचं पिवळट पाणी. इर्शो शून्यातून तयार करता येतं, पण पहिले दोन-तीन घाणे फुकट जातात. इथिओपियन दुकानात किंवा शेजारणीकडे वाटीभर मागितलं तर काम सोपं होतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते उकळून गार केलेलं घ्या. पीठ हाताने मळत सैल करा, झाका आणि उबेत तीन दिवस ठेवा. थंडीत ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवलं तरी चालतं. उन्हाळ्यात दोन दिवस पुरे, त्यापुढे आंबटपणा कडवटाकडे झुकतो.

पीठ खाली बसून वर गडद पाणी येईल. ते ओतून काढा, थोडं पुढच्या वेळेसाठी फ्रिजमध्ये ठेवा. आता अब्सित. खालचं घट्ट पीठ एक वाटी घेऊन तीन वाट्या उकळत्या पाण्यात सोडा आणि पाच-सात मिनिटं ढवळत शिजवा. कपड्यांना घालायच्या खळीइतकं दाट झालं की उतरवा. पूर्ण कोमट झाल्यावरच बाकीच्या पिठात मिसळा, कारण गरम घातलंत तर आंबवण मरतं. तास-दोन तासांनी पीठ फसफसून वर येईल. दाटपणा डोशाच्या पिठाहून पातळ आणि घावनाहून जरासा जाड.

तिथे दोन फूट व्यासाचा मातीचा सपाट तवा असतो, मिताद. तुमचा मोठा नॉनस्टिक तवा चालेल, फक्त चांगला तापू द्या. तेल नको. पीठ कडेकडून आत गोल गोल धारेने ओता आणि पळीने अजिबात पसरू नका, पसरलं की बुडबुडे मोडतात. तीस-चाळीस सेकंदांत सगळीभर डोळे उघडले की मगच झाका. आधी झाकलंत तर वाफेने पृष्ठभाग लिंपला जातो आणि डोळे बुजतात. दीडेक मिनिटात कडा सुटतात. उलटायचं नाही. कापडावर सरकवा आणि पूर्ण गार झाल्यावरच एकावर एक ठेवा. गरम रचल्याने घाम सुटतो, तुमचा चिकटपणा बहुधा त्याचाच. तुटणं मात्र अब्सित नसल्याचं. डोळेच नसतील तर तवा थंड आहे किंवा पीठ फसफसायच्या आत ओतलं गेलं.

हे सगळं जमलं तरी पहिले काही आठवडे घरचा इंजेरा वाढायची घाई करू नका. दुकानातल्या इंजेऱ्यात पुष्कळदा जव किंवा गहू मिसळलेला असतो, त्याची चव आणि लवचीकपणा निव्वळ तेफहून वेगळा. मुलीची जीभ कुठल्या इंजेऱ्याला सरावली आहे, ते सध्या सांभाळणाऱ्या कुटुंबाला विचारा आणि ते जिथून आणतात त्याच दुकानातून आणा.

प्रश्न: बर्बेरे, म्हणजे तिथला मिरचीचा मसाला, फारच जहाल वाटतो. लहान मुलं हे खातात?

खातात, पण सगळं जेवण बर्बेऱ्याचं नसतं. वोत म्हणजे रस्सा. लाल वोत बर्बेऱ्याचा, आणि पिवळा, हळदीचा, बिनमिरचीचा तो अलिचा. वाटाण्याच्या डाळीचा किक अलिचा आणि कोबी-बटाटा-गाजराची हळदीतली भाजी यांपासून सुरुवात करा. बर्बेऱ्यात मिरचीबरोबर मेथी, ओवा, कलौंजी, आलं, लसूण आणि कोरेरिमा नावाची वेलदोड्यासारखी बी असते. मिरची सोडून बाकीचा वास ओळखीचा निघतो.

त्याहून सोपा शिरो. आपल्या गोड शिऱ्याशी त्याचा संबंध नाही, तो पिठल्याचा भाऊ. दुकानात ‘नेच शिरो’ मागा, तो बिनतिखटाचा. ‘मितिन शिरो’मध्ये बर्बेरे आधीच असतं आणि पाकिटं दिसायला सारखीच. मोठा कांदा अगदी बारीक चिरून तेलाशिवाय, मंद आचेवर, लागेल तसं पाणी शिंपडत आठ-दहा मिनिटं परता. मग दोन मोठे चमचे तेल आणि दोन पाकळ्या लसूण घाला. अर्धा लिटर पाणी उकळलं की सुमारे ५० ग्रॅम शिरो एका हाताने भुरभुरत, दुसऱ्या हाताने घोटत घाला. पंधरा-वीस मिनिटं रटरटू द्या. वर तेलाचे थेंब दिसले की झालं. पिठल्यासारखं पाच मिनिटांत उतरवलंत तर रवाळ लागतो. घरचं बेसन वापरू नका, शिरोची कडधान्यं भाजून दळलेली असतात. आणि मोहरी-हिंगाची फोडणी तर नकोच, तिने चव थेट आपल्या स्वयंपाकघरात येते. ती इच्छा असेल तर सरळ पिठलं करा, तेही मुलांना आवडेल.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. येणाऱ्या मुलीच्या जेवणाशी मेळ बसेल का?

तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी-शुक्रवारी आणि ईस्टरआधीचे ५५ दिवस मांस, अंडी, दूध, लोणी काही घेत नाहीत. त्या उपासाला ‘त्सोम’ म्हणतात. उपाहारगृहात ‘बेयायनेतु’ मागितलंत तर इंजेऱ्यावर मसूर, शिरो, पालेभाजी, बीट असे ढीग मांडून येतात. फक्त आपल्यासारखं तूप सोडू नका, तिथल्या उपासाला तूपही चालत नाही.

पण मूल ऑर्थोडॉक्स घरातलं आहे हे गृहीत धरू नका. देशात मुस्लिम मोठ्या संख्येने आहेत, प्रोटेस्टंटही. दक्षिणेत तर कितीतरी घरांचं मुख्य अन्न इंजेरा नसून एन्सेट या केळीसारख्या दिसणाऱ्या झाडापासून केलेला कोचो असतो. समाजसेविकेला विचारायचे प्रश्न आत्ताच लिहून ठेवा: आईवडील कुठल्या भागातले, घरचा धर्म कोणता, नाश्त्याला काय, दूध पचतं का, ताप आला की काय देतात. अनेक मुलांना नाश्त्याला फिरफिर लागतो, म्हणजे मसाल्याच्या रश्श्यात परतलेले इंजेऱ्याचे तुकडे. आपली फोडणीची पोळीच. आणि फसिकाला, म्हणजे त्यांच्या ईस्टरला, कोणी तिला दोरो वोत, अंडं घातलेला कोंबडीचा रस्सा, वाढला तर मध्ये हात घालू नका.

प्रश्न: मी होणारी आजी, साताऱ्याहून. ते लोक एकमेकांना घास भरवतात असं ऐकलं. नात आल्या आल्या भरवू का?

आजी, ऐकलंत ते खरं. त्याला गुर्शा म्हणतात. इंजेऱ्याचा तुकडा, आत भाजी, समोरच्याच्या थेट तोंडात. घास जितका मोठा तितका जिव्हाळा मोठा. पण गुर्शा आपल्या माणसांतला. नव्या घरात आलेल्या मुलाला अनोळखी हात तोंडाशी आलेला घाबरवू शकतो. एका ताटात जेवायला बसा, तुमचा घास तुम्ही खा. कधीतरी तीच तुमच्या तोंडाशी हात आणेल. तेव्हा घास कितीही मोठा असो, तोंड उघडा.

आणखी एक. काही मुलं घाईघाईने, पोट भरलं तरी खातात, उशीखाली पाव लपवतात. ज्या मुलाला पुढच्या जेवणाची खात्री नव्हती त्याची ती सवय असते. रागवू नका, ‘पुरे आता’ म्हणू नका. तिच्या हाताला येईल अशा डब्यात केळी आणि दाबो कोलो ठेवा. दाबो कोलो म्हणजे शंकरपाळ्यांहून लहान कुरकुरीत तुकडे. डबा रिकामा दिसू द्यायचा नाही. सवय काही आठवड्यांत सुटते, काहींची वर्षभरही टिकते.

प्रश्न: दुकानात ‘नुग’ नावाचं काळं लांबट बी दिसलं. कशाला वापरतात?

ते आपले कारळे. वनस्पती तीच, मूळ देशही इथिओपियाच. तिथे त्याचं तेल काढतात आणि उपासाच्या दिवसांत तेच वापरतात. पाव किलो घ्या, मंद भाजा, लसूण-मीठ घालून कुटा. मुलासाठी मिरची वेगळी ठेवा.