पत्रात तुमच्या लेकीचं एकही वाक्य नाही

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपली. नीट पीजी या एमडी प्रवेशपरीक्षेतली रँक बरी आहे, पण सरकारी कॉलेजात रेडिओलॉजी मिळेल इतकी नाही. तिला एमडी जेरियाट्रिक्स करायचं आहे, म्हणजे वृद्धांचं वैद्यकशास्त्र. वडील लिहितात, ‘म्हाताऱ्यांना तपासायला तिला डॉक्टर केलं नाही. त्यासाठी साधा फिजिशियन पुरतो. तिने एक वर्ष ड्रॉप घ्यावा, नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून रेडिओलॉजी घेऊ, जमीन विकायची तयारी आहे. प्रवेशाच्या ऑनलाइन कौन्सेलिंगचं लॉगिन माझ्याकडेच आहे. तिची समजूत कशी घालावी?’

तुमचं पत्र चांगलं दोन पानी आहे. त्यात लग्नाचं आहे, भावकीचं आहे, रेडिओलॉजिस्ट पुतण्याच्या बंगल्याचंही आहे. तिला हीच शाखा का हवी, हे मात्र कुठेच नाही. तुम्ही तिला विचारलंत तरी का? मला तिच्या रँकची मुळीच चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती त्या लॉगिनची. इंटर्नशिपमध्ये रात्रपाळ्या केलेल्या, अत्यवस्थ पेशंटच्या नातेवाइकांना सामोऱ्या गेलेल्या मुलीचा पसंतीक्रम वडील भरणार, आणि तिने सही करून तीन वर्षं निभवायची? रेसिडेन्सी, म्हणजे एमडीची रुग्णालयातली तीन वर्षं, कशी असते ते तिने जवळून पाहिलंय. न आवडणाऱ्या शाखेत ती काढणं फार जड जातं, आणि सीट मध्येच सोडली तर अनेक ठिकाणी मोठा दंड भरावा लागतो. जमीन विकून घेतलेल्या सीटवर तर तिला ‘नको’ म्हणायचीही सोय उरणार नाही. तुमचा जीव तिच्यासाठी तुटतो, हे पत्रातून कळतं. तरीही पासवर्ड आणि ओटीपी येणारा नंबर आजच तिच्या हाती द्या. समजूत घालायचा उपाय मी सांगणार नाही.

आता ‘साधा फिजिशियन पुरतो’ याबद्दल. हा समज डॉक्टरांमध्येही आहे, म्हणून सविस्तर सांगते. म्हातारपणी आजार पुस्तकातल्यासारखा येत नाही. न्यूमोनिया झालेल्या ऐंशीच्या आजींना बऱ्याचदा ताप नसतो. त्या फक्त जेवण सोडतात, असंबद्ध बोलायला लागतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. हार्ट अटॅकला छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागतो. अचानक आलेला गोंधळ हा बऱ्याचदा जंतुसंसर्गाचा किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असतो, वेळेत ओळखला तर उतरतो. त्यालाच स्मृतिभ्रंश समजून लोक हात टेकतात. गोळ्यांचं तर विचारूच नका. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन दिली, तिने पायांवर सूज आली. सूज पाहून दुसऱ्याने लघवी वाढवणारी गोळी दिली. मग रात्री तीनदा उठणं, अंधारात तोल जाणं, खुब्याचं हाड मोडणं. प्रत्येक डॉक्टरने आपापलं अवयवापुरतं बरोबरच केलेलं असतं. पूर्ण यादी समोर घेऊन यातली कोणती गोळी कमी करता येईल, माणूस खुर्चीतून आधाराशिवाय उठतो का, एकटा आंघोळ करतो का, घरी त्याला कोण बघतं, हे सगळं एकत्र तपासणं हेच या शाखेचं काम. चांगले फिजिशियन हे करतातही, पण भरलेल्या ओपीडीत त्यांना तेवढा वेळ कुठून मिळणार?

ही शाखा काल उगवलेली नाही. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली हा विभाग उभा केला आणि १९९६ मध्ये तिथेच देशातला पहिला एमडी अभ्यासक्रम सुरू झाला. २०११ च्या जनगणनेतच साठी ओलांडलेले १० कोटींवर होते.

उणी बाजूही तुमच्या लेकीला माहीत हवी. सीट मोजक्या आहेत. एका पेशंटला पाऊण तास जातो, फी मात्र तेवढीच. रेडिओलॉजीइतका पैसा इथे नाही, निदान लवकर तरी नाही. सांगलीसारख्या शहरात पहिली काही वर्षं तिला फिजिशियन म्हणूनच ओपीडी चालवावी लागेल. पुढे डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेष पदवी, करायचं मनात असेल, तर कोणत्या शाखा खुल्या राहतात हे पसंतीक्रम भरण्याआधी माहितीपुस्तिकेत तिने स्वतः पाहावं. जनरल मेडिसिनमध्ये एमडी करून मग जेरियाट्रिक्सची फेलोशिप, हाही रस्ता आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी परतायचं असेल तर मला तो जास्त पटतो. पण निवड तिची. शक्य असेल तर चेन्नई किंवा वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजातल्या, नाहीतर दिल्लीच्या एम्समधल्या या विभागातल्या रेसिडेंटशी तिने आधी बोलावं.

तुमच्या आई बाथरूममध्ये दोनदा पडल्या, चौदा गोळ्या चालू आहेत, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओघात लिहिलंय. मला ते सगळ्यात तातडीचं वाटतं. त्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स, काढे, झोपेची गोळी, दुकानातून परस्पर आणलेली पेनकिलर, सारं एका पिशवीत घाला आणि त्यांना घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा. दोन्ही वेळा पडण्याआधी काय झालं होतं, तेही सांगा. बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा. मनाने एकही गोळी बंद करू नका. लेकीला सोबत न्या.