विंडोजवर चालणारा एक्सेल मॅक्रो मॅकवर एरर देतोय, काय करू?

एरर ४२९ (ऑब्जेक्ट बनवता आला नाही) येत असेल तर आधी कोडमध्ये क्रिएटऑब्जेक्ट (बाहेरच्या लायब्ररीतून ऑब्जेक्ट बनवणारी आज्ञा) शोधा, बहुतेक वेळा घोळ तिथंच असतो. स्क्रिप्टिंग डिक्शनरी (नावावरून माहिती शोधायची यादी) आणि फाइलसिस्टमऑब्जेक्ट (फाइली-फोल्डर हाताळणारा) हे दोन्ही विंडोजच्या लायब्ररीतून येतात, मॅकवर ती लायब्ररीच नाही, मग ऑब्जेक्ट बनणार कुठून! डिक्शनरीच्या जागी साधं कलेक्शन वापरा (नाव यादीत आहे का ते सांगणारं एक्झिस्ट्स मिळणार नाही, ते एरर पकडून तपासावं लागतं, जरा कटकट आहे पण चालतं).

दुसरं म्हणजे पाथ, फाइलचा पत्ता. उलटा स्लॅश हाताने टाइप केला असेल तर काढून टाका आणि अ‍ॅप्लिकेशन डॉट पाथसेपरेटर लिहा, कारण मॅकच्या एक्सेल २०११ मध्ये तिथं कोलन यायचा आणि २०१६ पासून सरळ स्लॅश येतो, तुम्ही कशाकशाला पुरणार. आणि हो, २०१६ पासून मॅकवर सँडबॉक्स (अ‍ॅपला परवानगीशिवाय फाइलींना हात लावू न देणारी सुरक्षा) आहे, त्यामुळे फोल्डरमधल्या फाइली एकेक उघडताना दरवेळी परवानगी विचारतो, त्यासाठी ग्रँटअ‍ॅक्सेसटूमल्टिपलफाइल्स मध्ये सगळी यादी एकदाच द्या.

डिर (फाइलींची नावं देणारं फंक्शन) मध्ये स्टार टाकून फाइली शोधत असाल तर तेही मॅकवर चालत नाही, सगळी नावं घ्या आणि लाइक ने (नमुन्याशी नाव जुळतं का ते पाहणारा ऑपरेटर) गाळा.

विंडोज एपीआयचे डिक्लेअर (विंडोजची स्वतःची फंक्शनं बोलावणाऱ्या ओळी) असतील तर ते हॅश इफ मॅक च्या एल्स भागात टाका, म्हणजे मॅकवर त्या ओळी वगळल्या जातात. शीटवर अ‍ॅक्टिव्हएक्स बटणं असतील तर सरळ फॉर्म कंट्रोलची लावा, अ‍ॅक्टिव्हएक्स मॅकवर नाहीच.