जेद्दात अरबी माध्यमाची शाळा: फी नंतर विचारा, ‘नूर’ची नोंद आधी

अस्सलामु अलैकुम भाई. तुम्ही लिहिलंय: मुलगा रत्नागिरीला उर्दू माध्यमातून दुसरी पास, आता फॅमिली जेद्दाला येतेय, अरबी माध्यमाची अहली (खासगी) शाळा हवी, बजेट वर्षाला 8,000 रियाल, आणि एक शाळा म्हणतेय की ‘इकामा (राहण्याचा परवाना) नसला तरी बसवा वर्गात, कागद मागाहून बघू’. हे शेवटचं वाचलं म्हणून लिहितोय. याच वाक्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. आम्हाला ते सांगणाऱ्या शाळेच्या कार्यालयाचं नाव घेत नाही. असा कारभार करणारं ते एकटंच नाही.

सौदीत मूल शाळेत आहे याचा पुरावा एकच: शिक्षण मंत्रालयाच्या ‘नूर’ प्रणालीतली नोंद. गणवेश, हजेरी, फीची पावती यांना काही अर्थ नाही. ही नोंद इकामा क्रमांकावर होते. इकामा आला नसेल किंवा दाखला अर्धवट असेल तर शाळा पोराला ‘मुस्तमिअ’ म्हणून बसवून घेते, म्हणजे नुसता ऐकणारा. पोरगा रोज जातो, पुस्तकं मिळतात, चाचण्याही देतो. वर्ष संपतं आणि निकाल निघत नाही, कारण निकाल नूरमधून निघतो आणि तिथे तो मुलगाच नाही. मग पुढची शाळा त्याला पुन्हा त्याच वर्गात बसवू पाहते. वर्षभर विचारलं तर नोंदणी कार्यालयातून उत्तर एकच, ‘बुक्रा (उद्या), इन्शाअल्लाह’. हिशेब खात्यातला माणूस मात्र हप्त्याची तारीख कधी विसरत नाही! प्रवेशाची मुदत उलटली की शाळेच्याही हातात फारसं राहत नाही, शिक्षण विभागाच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात आणि तिथे तुमच्याकडे एकही कागद दाखवण्यासारखा नसतो.

म्हणून मोठी रक्कम देण्याआधी दोन गोष्टी. तुमच्या स्वतःच्या नूर खात्यात मुलाचं नाव, शाळा आणि यत्ता दिसली पाहिजे. कारकुनाने त्याच्या पडद्यावर दाखवलेलं धरू नका. दुसरं, नूरमधून छापलेलं ‘तअरीफ’ पत्र, म्हणजे मूल या शाळेत आहे असा दाखला, मागा. शाळेच्या लेटरहेडवर टाइप करून दिलेलं नको. इकामा यायचा असेल तर फक्त जागा राखायची रक्कम भरा आणि ‘नोंद झाली नाही तर परत’ हे करारावर अरबीत लिहून घ्या. करार आधी वाचायला देत नसतील तर ती शाळा सोडा, माझं स्पष्ट मत.

उलट बाजूही बघा. मुलाची नोंद एका वेळी एकाच शाळेत असते, आणि जुन्या शाळेने सोडल्याशिवाय नव्या शाळेतला प्रवेश पुरा होत नाही. थकबाकीवरून इथेच अडवतात. सत्र सुरू झाल्यावर मूल काढलं तर किती कापणार, तो तक्ता करारात असतो. तो वाचल्याशिवाय सही नको.

दाखल्याचं काम रत्नागिरीत असतानाच उरका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार करतं ते प्रमाणीकरण). जन्मदाखल्याचंही अपोस्टिल करून घ्या. सौदी 7 डिसेंबर 2022 पासून अपोस्टिल मानतं, तेव्हा एखादा एजंट अजून दूतावासाच्या शिक्क्याचे पैसे मागत असेल तर कारण विचारा. अरबी भाषांतर जेद्दातल्या परवानाधारक कार्यालयातून. लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.

आता पैसे. 8,000 म्हणजे 8,000 नाही. परदेशी मुलाच्या फीवर 15 टक्के व्हॅट, म्हणजे 9,200. सौदी मुलांचा व्हॅट सरकार भरतं, त्यामुळे फलकावरचा आकडा बहुतेक वेळा व्हॅट सोडून असतो. बस वेगळी, गणवेश वेगळा. शिवाय मुलाचा अवलंबित कर (सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांवर सौदी सरकार घेतं तो) महिन्याला 400, वर्षाचे 4,800. तो शाळेत कुणी सांगणार नाही. खरं तर आधी जवळच्या सरकारी शाळेत विचारा. जागा असेल तर इकामाधारकांची मुलं घेतात, फी नाही, अभ्यासक्रम अहली शाळेचाच.

शाळा बघायला जाल तेव्हा ‘बनीन’ (मुलग्यांच्या) विभागाची इमारत बघा. माहितीपत्रकातले फोटो कधी कधी मुलींच्या विभागाचे असतात. शाळेला परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो: इब्तिदाई (प्राथमिक) सहा वर्षं, मुतवस्सित (माध्यमिक) तीन, सानवी (उच्च माध्यमिक) तीन. तुमच्या शाळेकडे पुढच्या टप्प्याचा आहे का? काही ठिकाणी तिसरीपर्यंत मुलग्यांना बाई शिकवतात आणि चौथीपासून इमारत बदलते. ती कुठे आहे, बस तीच का, हे आत्ताच विचारा.

उर्दू येतं म्हणून अरबी जमेल असं धरू नका. लिपी वाचेल, समजणार नाही. अंकसुद्धा फसवतात: उर्दूतले चार आणि सहा अरबीत वेगळ्या आकाराचे, शून्य नुसता ठिपका आणि पाच आपल्या शून्यासारखा. यायच्या आधी दोन-तीन महिने ‘लुग़ती’ हे पहिलीचं पुस्तक रोज अर्धा तास वाचून घ्या. मास्तर इजिप्तचे निघाले तर बोलताना ‘जीम’चा ‘गीम’ करतील, पोराला आधी सांगून ठेवा.

परत जायचा विचार असेल तर माझ्या मते सहावीनंतर हलवा, फार तर सातवीनंतर. मराठी-हिंदी शून्यापासून सुरू होते आणि नववीत ते झेपत नाही. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी साधारणपणे महाराष्ट्रातूनच झालेली लागते. अपवाद सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. आणि ‘खुरूज निहाई’ (सौदी कायमचं सोडण्याचा व्हिसा) लागण्याआधी सगळे निकाल नूरमधून काढून, शिक्षण विभागाचा शिक्का आणि अपोस्टिल करून ठेवा. इकामा रद्द, मोबाइल नंबर बंद, की खात्यात शिरणंच अवघड होतं.

नियम दरवर्षी बदलतात, मी शिक्षण खात्यातला नाही, तेव्हा तारखा आणि वयाची अट ताज्या परिपत्रकावरून ताडून घ्या. निकाल काढताना अरबी नाव इकाम्याशी आणि इंग्रजी नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे पारकरचा बारकर होतो आणि इंग्रजी प्रतीवरही तोच उतरतो. दुरुस्ती इथेच करून घ्या, भारतात गेल्यावर ती शाळा फोनही उचलत नाही.