विमान उडाच्या आधी पायलट एवढं काय पाहत राह्यते?

प्रश्न (एक वाचक, आमगाव, जि. गोंदिया): आमच्या वावरावरून बिरसी विमानतळाची ट्रेनिंगची लहान विमानं घिरट्या घालत राह्यतात. माही पुतणी पायलटचं शिकून राह्यली, ते म्हणते काका, उडाच्या आधी लय वेळ नुसतं चेकिंगच चालते. आता मोबाइलमधी मॅप असताना कंपास कायले पाहिजे? अन् एवढं पाहून बी विमान वाट कसं चुकते?

उत्तर: भाऊ, वाट चुकलेली कळते हवेत, पण चूक बरेचदा जमिनीवरच होऊन बसलेली असते. सेस्ना १७२ सारख्या विमानात दिशा दाखवायला दोन यंत्रं असतात. एक साधा चुंबकाचा कंपास, द्रवात तरंगणारा. विमान वळलं, वेग वाढला की हा डुलतो अन् काहीबाही दाखवतो, म्हणून पायलट नेहमीचं काम दुसऱ्यावर भागवतात, ते म्हणजे गायरोवरचं (आत भिंगरीसारखं जोरात फिरणारं चाक असतं, त्यावर चालणारं) हेडिंग इंडिकेटर, म्हणजे दिशेचा काटा. हे मस्त स्थिर राहतं, पण उत्तर दिशा कुठं आहे हे त्याला स्वतःला माहीतच नसतं, तुम्ही जे लावून द्याल तेच ते दाखवणार. त्यातही ते हळूहळू सरकतं, एकट्या पृथ्वीच्या फिरण्यानं आपल्या अक्षांशावर तासाला पाचेक अंश, अन् बेअरिंग घासलेलं असलं तर त्याहून जास्त.

आता हिशोब पाहा. बिरसीहून नागपूर साधारण २५० अंशांवर (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखं मोजत गेलं तर), ७४ नॉटिकल मैल, म्हणजे १३७ किलोमीटर. पायलट लोकांचा ठोकताळा असा की ६० मैलांत १ अंश चुकला तर १ मैल बाजूला. गायरो लावताना १० अंशांची गडबड झाली, काटा २५० दाखवतोय पण विमान जातंय २४० वर, तर नागपूरऐवजी तुम्ही बुटीबोरी अन् उमरेडच्या मधात कुठंतरी, बावीसेक किलोमीटर लांब!

म्हणून विमान धावपट्टीवर सरळ उभं केलं की ताडून पाहायचं. नागपूरच्या धावपट्टीचे नंबर १४ अन् ३२, म्हणजे दिशा साधारण १४० अन् ३२०. कंपास, गायरो अन् धावपट्टी तिघं जुळले तर ठीक, नाही तर थांबायचं. हे म्हणजे धान मोजाच्या आधी काटा शून्यावर आहे का पाहण्यासारखं झालं, केंद्रावर तुम्ही पाहताच की. हवेत गेल्यावरही दर १०-१५ मिनिटांनी गायरो कंपासशी जुळवायचा, पण विमान सरळ, सपाट अन् एकाच वेगात असतानाच, वळणात जुळवला तर कंपासची चूक गायरोत घातली म्हणून समजा.

उंचीच्या यंत्राचंही तसंच. टॉवरनं सांगितलेला हवेचा दाब लावला की नागपूरला उभ्या विमानात काटा १०३३ फुटांच्या जवळ यायला पाहिजे, कारण विमानतळच समुद्रसपाटीपासून तेवढा उंच आहे; ७५ फुटांहून जास्त फरक दिसला तर यंत्रावर भरवसा ठेवत नाहीत. दाबाचा १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ ३० फूट, एक आकडा ऐकाले चुकला की गेलं. अन् वेग मोजणारी पिटो नळी! तिच्या तोंडात बोट न घालता वाकून पाहायचं, कारण आपली ती मातीचं घर करणारी कुंभारीण माशी, तिले अशी भोकं लय आवडतात. १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात मोठं बोइंग ७५७ पडलं, १८९ लोक गेले, नळी बहुधा अशाच किड्याच्या घरानं बुजली होती असा तपासाचा निष्कर्ष होता.

मोबाइल वापरा म्हणावं, जीपीएस चांगलीच गोष्ट आहे. फक्त मे महिन्यात काचेखाली ठेवलेला फोन तापून बंद पडतो, अन् कंपासजवळ ठेवला तर त्यातल्या चुंबकानं कंपासच फिरतो, तेव्हा दुसरीकडे ठेवायला सांगा.

प्रश्न (एक वाचक, तुमसर): आपल्याकडे एवढे तलाव, वरून तर सगळं ओळखू येत असेल ना?

उत्तर: उलट तलावांनीच गोंधळ होतो! गोंदिया-भंडाऱ्यात मामा (माजी मालगुजारी) तलाव एवढे की नकाशातला कोणताही आकार खालच्या कोणत्या तरी तलावाशी जुळतोच. मग नवखा पायलट ‘हाच तो’ म्हणून पुढं जातो अन् पुढची खूण दिसली नाही तरी मन मानत नाही. खरी पद्धत अशी की आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन, म्हणजे एवढ्या मिनिटांत मी इथं असलो पाहिजे, तर खाली काय दिसायला पाहिजे? बिरसी-नागपूरच्या वाटेवर तिरोड्याच्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या जवळजवळ पोटाखाली, मग वैनगंगा, अन् भंडारा शहर डाव्या हाताला. शहर उजवीकडे आलं तर कंपासकडं बघा. धान निघाल्यावर तणस जाळतात त्या धुरात मात्र ह्या खुणाही उशिरा दिसतात.

प्रश्न (तेच वाचक): अन् खरंच हरवला तर?

उत्तर: पहिलं म्हणजे घिरट्या घालायच्या नाहीत, त्यात पेट्रोलही जातं अन् दिशाही. उंची वाढवायची, म्हणजे जास्त दूर दिसतं, रेडिओही लांब पोचतो, अन् लगेच कंट्रोलला सांगून टाकायचं की मला माझी जागा कळत नाही. लाज वाटते म्हणून पोरं हे सांगायला उशीर करतात, अन् तेवढ्या वेळात टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं.