काटेमाठ : खायचा तर तुरा येण्याआधी

प्रश्न : परसात माठासारखं काहीतरी उगवलंय. भाजीचा माठ की काटेमाठ, कसं ओळखू? (रत्नागिरी)

पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो, त्या बेचक्यात पाहा. काटेमाठाला तिथे दोन सरळ, टोकदार काटे असतात; वाढलेल्या झाडाचे तर सेंटिमीटरभर लांब. माठ, तांदुळजा, राजगिरा यांना बेचक्यात काटे नसतात. राजगिऱ्याचा तुरा हाताला टोचतो, ती गोष्ट वेगळी. खोडाच्या लालसर रंगावरून मात्र ठरवू नका, काटेमाठ हिरव्या खोडाचाही असतो.

प्रश्न : कांद्यात काटेमाठ माजलाय. दरवर्षी खुरपतो, तरी पुढच्या वर्षी जास्तच येतो. (निफाड)

खुरपणी तुरा आल्यावर होत असेल, तर असंच होणार. याचं बी काळं, चकचकीत, मोहरीपेक्षाही बारीक. एका मोठ्या झाडाचं बी लाखाच्या वर जाऊ शकतं आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. मूळचं हे झाड अमेरिकेतल्या उष्ण भागातलं, पण आपल्याकडच्या पडीक जागा, उकिरडे आणि खतावलेली शेतं त्याला चांगलीच मानवली आहेत.

लागवडीआधी एक पाणी द्या, तण उगवू द्या. दोन-चार पानांवर आलं की वाफशावर वखराची उथळ पाळी घाला आणि मग लागवड करा. या पाळीनंतर खोल नांगरू नका. हे बी वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातूनच उगवतं. खोल नांगरलंत तर गाडलेलं बी पुन्हा वर येईल. अर्धवट कुजलेलं शेणखतही टाकू नका, बी त्यातून शेतात येतं. तुरे आलेली झाडं उपटून बांधावर फेकू नका. उपटल्यावरही त्यांचं बी पिकू शकतं.

टू-फोर-डी हे तणनाशक कांद्यात अजिबात नको. तुमच्या भागात शेजारी द्राक्षबाग असणार, आणि नुसत्या वाऱ्याने गेलेला फवाराही वेलींची पानं वाकडी करतो.

प्रश्न : भाजीसाठी खुडत राहिलो, तर तण आपोआप कमी होईल ना? (जुन्नर)

नाही. शेंडा खुडला की खालून फुटवे येतात, झाड जमिनीलगत पसरतं आणि तिथेही तुरे धरतं. वितीभर झालं की मुळासकट उपटा. त्या वयात काटेही मऊ असतात, आणि खाण्याची खरी वेळ तीच. फवारलेल्या शेतातला, गटाराकाठचा किंवा रेल्वेरुळांजवळचा काटेमाठ मात्र घरात आणू नका.

प्रश्न : भाजी कशी करायची? घरात मुतखड्याचा त्रास आहे. (पुणे)

जाड हातमोजे घालून पानं आणि कोवळे शेंडे निवडा, तीन-चार पाण्यांतून धुवा. उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवून ते पाणी फेकून द्या. त्यात बरंचसं ऑक्झॅलेट, म्हणजे मुतखड्याला हातभार लावणारं पानांतलं द्रव्य, निघून जातं. मग लसूण, सुकी मिरची, कांदा, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं. मीठ पाला बसल्यावर घाला, नाहीतर हमखास खारट होते. मुतखडा झालेल्यांनी उकळूनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

प्रश्न : उपटलेला काटेमाठ गाईला घालू का? (बीड)

पोटभर घालू नका. पावसाने ओढ दिली की, किंवा युरिया दिलेल्या शेतात, या झाडात नायट्रेट साठतं. असा चारा खाऊन जनावर धापा टाकू लागलं, हिरड्या काळपट दिसल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच पशुवैद्यकाला बोलवा. वेळेत इंजेक्शन मिळालं तर जनावर वाचू शकतं.