केस गळायचे थांबणार नाहीत, पण परातीत नक्की येणार नाहीत

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, टू बीएचके आहे. आमच्याकडं चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, फिकट पिवळा, नाव बंड्या. लई माणसाळलेला आहे, पोरं शाळेतून यायच्या टायमाला दारात बसून असतो. पण केस इतके गळतात की सकाळी झाडलं की सुपली भरते आणि दुपारी बघावं तर परत कपाटाखाली पुंजके. मिस्टरांच्या काळ्या पँटवर, सोफ्यावर, गादीवर, कुठं नाही ते विचारा. परवा सासूबाई भाकरीचं पीठ मळत होत्या आणि परातीत केस निघाला, त्यांनी पीठ तसंच बाजूला सारलं आणि म्हणाल्या एक तर हा राहील नाहीतर मी गावाकडं जाते. त्यांना दम्याचाही त्रास आहे. शेजारचे सांगतात की म्हशी भादरतात तसं मशीन मारून भादरून टाका, काम संपलं. आम्ही त्याला दूध-भाकरी घालतो, रविवारी रश्शात भाकरी कुस्करून, आणि दर रविवारी आमच्याच शाम्पूनं अंघोळ. कुठं चुकतंय सांगा, त्याला कुणाला द्यायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : वहिनी, पहिल्यांदा मशीनचं बोलतो, कारण बाकीचं सगळं उद्या सुधारता येईल पण ही चूक झाली तर लवकर भरून येत नाही. बंड्याला भादरू नका. म्हशीचं वेगळं असतं, तिच्या अंगावर केस मुळात विरळ, कातडी जाड आणि काळी, आणि अंग गार करायला ती पाण्यात डुंबते. लॅब्रॅडॉरच्या अंगावर दोन थर असतात. वरचा राठ केस पाणी झटकतो आणि ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाही, आणि त्याच्या खाली कापसासारखी दाट लव असते. तुमच्या कपाटाखाली जे पुंजके लोळतात ती बहुतेक ही लवच. मशीन मारलं की दोन्ही थर एकदम जातात, लव भराभर परत येते, वरचा केस मात्र हळू येतो, कधीकधी नीट येतच नाही. मी हे माझ्या अल्सेशियन मिक्स कुत्रीवर बघितलंय. एका दुकानातल्या माणसानं एप्रिलमध्ये सांगितलं उकाडा आहे भादरू या, मी हो म्हटलं, आणि पुढं वर्षभर तिच्या कमरेवर लोकरीसारखे गबाळे केस होते, दुपारच्या उन्हात ती अंगणात पाऊल टाकेना. अजून त्याचं वाईट वाटतं. आणि भादरून गळणं थांबत पण नाही, आधी लांब केस पडायचा तो आता बारीक सुईसारखा पडतो आणि सोफ्याच्या कापडात रुततो, तो काढणं जास्त अवघड.

आता गळतात का ते बघा. प्रत्येक केसाचं आयुष्य ठरलेलं असतं, वाढतो, थांबतो आणि गळतो. थंड देशात दिवस लहान-मोठा होतो तसं कुत्र्याच्या अंगाला कळतं आणि वर्षातून दोनदा लव एकदम उतरते. आपल्या कोल्हापुरात जूनमधला मोठा दिवस साधारण १३ तासांचा आणि डिसेंबरातला लहान दिवस ११ तासांचा, फरक थोडाच, त्यात घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. म्हणून घरात राहणारं कुत्रं थोडं थोडं वर्षभर गळतं आणि मधेच दोन-तीन आठवडे जोर येतो. हा आजार नाही. तेव्हा थांबवायच्या मागं लागू नका, जो केस उद्या फरशीवर पडणार आहे तो आज ब्रशवर घ्या, माझं सगळं सांगणं एवढंच आहे.

त्यासाठी रोज पंधरा मिनिटं टेरेसवर. सोफ्याजवळ अजिबात नको. रबरी दात असलेला ब्रश किंवा रबराचा हातमोजा रोजच्यासाठी पुरतो, कुत्र्यांना तो चोळल्यासारखा वाटतो, अंग सैल सोडतात. आठवड्यातून एकदा लव काढायचा दाताळ्यासारखा ब्रश मिळतो तो हलक्या हातानं, केसाच्या दिशेनं. पात्याचा डी-शेडिंग ब्रश असेल तर तो जपून, रोज ओढला तर वरचे चांगले केस तुटतात आणि कातडी लाल होते. लोक पाठ घासतात आणि संपवतात. लव खरी साठते ती मांड्यांच्या मागं, शेपटीच्या मुळाशी आणि मानेखाली पट्ट्याच्या जागी. तिथं बोटानं केस उलटा करून बघा, आत फिकट कापूस दिसेल, तो मोकळा निघाला पाहिजे. पहिल्या आठवड्यात इतका निघेल की घाबराल, पिशवी भरते, पुढं कमी होत जातो.

अंघोळ दर रविवारी नको, महिन्यातून एकदा बास. आणि आपला शाम्पू बंद करा, माणसाची कातडी थोडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची तशी नसते, त्यामुळं आपला शाम्पू सारखा लावला की कातडी कोरडी पडते, कोंडा होतो, खाज येते आणि खाजवून खाजवून केस आणखी जातात. कुत्र्यांचा शाम्पू घ्या, आधी ब्रश करा, मग कोमट पाणी, पाच-सात मिनिटं बोटं आतपर्यंत चोळा, फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. मोरीच्या जाळीवर जुन्या सॉक्सचा तुकडा टाका नाहीतर प्लंबर बोलवायची वेळ येते. वाळला की परत ब्रश, त्या दिवशी सगळ्यात जास्त निघतात.

पावसाचं मात्र मला जास्त सांगायचंय कारण आपल्याकडं जुलै-ऑगस्टात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, मग दोन थरांचं कुत्रं कसं वाळणार. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं आणि आत लव ओलीच असते. तसंच राहिलं की वास येतो, बुरशी धरते, एखादी जागा ओली-लाल होऊन चिघळते आणि तिथले केस झुपक्यानं जातात. फिरवून आणलं की टॉवेलनं उलटं-सुलटं पुसा, बोटांच्या मधे, जांघेत, कानाच्या मागं, आणि अर्धा तास टेबल फॅनसमोर झोपवा. गोचीड पण तेव्हाच बघून घ्या.

खाण्याबद्दल थोडं परखड बोलतो. केस म्हणजे प्रथिनं, आणि दूध-भाकरीत एवढ्या मोठ्या कुत्र्याला पुरतील एवढी प्रथिनं नसतात. पूर्ण वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत पण नाही. रस्सा तर आजपासून बंदच करा, तांबडा असो की पांढरा, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मारतो, एका दिवसात दिसत नाही म्हणून लोकांना खरं वाटत नाही. शिजलेली हाडं पण नको, ती फुटून आतड्यात टोचतात. बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, उकडलेली अंडी, भात, थोडा भोपळा, नाहीतर चांगलं डॉग फूड. फिश ऑइलनं केसाला चकाकी येते, गळणं थोडं कमी होतं, पण किती द्यायचं ते वजनावर असतं, डॉक्टरला विचारूनच द्या. फरक दिसायला सहा-आठ आठवडे जातात, पंधरा दिवसात सोडू नका.

घरात झाडायच्या आधी फॅन बंद करा, नाहीतर केस उडून परत टेबलावरच बसतात. ओल्या फडक्यानं पुसलं तर जास्त गोळा होतात. सोफ्यावर भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेनं ओढा, गुंडाळी होऊन हातात येते. सतरंजीवर बाथरूमचा रबरी वायपर ओढून बघा, व्हॅक्युम क्लीनरनं जे निघत नाही ते त्यानं निघतं. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी कोरडे असतानाच झटका, भिजला की केस चिकटतो. बंड्याला स्वतःची एक वाकळ द्या, वर जुनी चादर, ती चादर आठवड्यातून दोनदा धुवा.

आणि सासूबाई. त्यांचं चुकत नाहीये, परातीत केस निघाला तर कुणालाही नको वाटेल. स्वयंपाकघराच्या दारात गुडघाभर उंचीची फळी लावा, आणि घरातल्या सगळ्यांनी पाळा, एकानं आत घेतलं की बंड्याला कळत नाही. दम्याला केस स्वतः कारण नसतो, कुत्र्याच्या कोंड्यातली आणि लाळेतली प्रथिनं कारण असतात, म्हणून त्यांच्या खोलीत बंड्या नको, ब्रश त्यांच्या हाती नको, आणि त्यांच्या डॉक्टरला घरात कुत्रं आहे हे स्पष्ट सांगा. एवढं करूनही त्यांना धाप लागत असेल तर डॉक्टर म्हणतील ते ऐकायचं, तिथं मी बंड्याची बाजू घेणार नाही.

एक तपासणी आज रात्रीच करा. केस गळून खाली कातडी दिसते का? गळणं आणि टक्कल पडणं या दोन वेगळ्या गोष्टी. गोल चट्टे, खरूज, सारखी खाज असेल तर पशुवैद्याकडं जा, कातडी खरवडून बघतात, आणि यातलं काही माणसांना पण लागतं. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झालेत, शेपूट उंदराच्या शेपटीसारखी झालीय, वजन वाढलंय आणि दिवसभर पडून असतो, असं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. गोळ्यांनी आटोक्यात राहतं.

प्रश्न : आमच्या पॉमेरियननं तीन महिन्यांपूर्वी पिल्लं दिली. आता अंगावर केसच राहिले नाहीत, ओळखू येईना झालीय. औषध सांगा.
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : पिल्लं अंगावर पिऊन झाली की बऱ्याच कुत्र्यांचे केस असे उतरतात, बायकांचे बाळंतपणानंतर जातात तसंच समजा. खाज, चट्टे, घाण वास नसेल तर औषध काही नको, चांगलं खायला घाला आणि वाट बघा. पाच-सहा महिन्यांत केस परत भरले नाहीत तर मात्र डॉक्टरला दाखवा, आणि पिल्लं अजून घरात असतील तर त्यांची कातडी पण बरोबरच तपासून घ्या.